अलंकारनामांतील शिवार आणि पाणी

सोनाराच्या घाटांना भोवतालच्या शिवाराने व पाण्याने प्रेरणा दिली, असे विधान अलंकारविषयक लेखनात वारंवार आढळते. बोरमाळ, जोंधळी पोत, मासोळ्या ही नावे वरवर पाहता त्यास दुजोराही देतात. परंतु नाव हा प्रेरणेचा पुरावा नव्हे. प्रत्येक शब्दाची व्युत्पत्ती आणि त्या वस्तूची घडण ही स्वतंत्रपणे तपासावी लागतात.

बोरमाळेचे मणी सोन्याच्या पातळ पत्र्याचे, पोकळ आणि बहुधा आत लाख भरलेले असतात. मणी बोराएवढा म्हणून ती बोरमाळ. जोंधळ्याच्या दाण्याएवढा म्हणून ती जोंधळी पोत. येथे निसर्ग हा शोभेचा विषय नसून माप आहे. गिऱ्हाइकाला बोर केवढे असते हे सांगावे लागत नसे. लाखेची गोष्ट तर याहून रोचक आहे. पळस, कुसुम व बोर यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या कीटकाचा तो स्राव होय. ज्या झाडाने मण्यास नाव दिले, त्याच झाडावर मण्याचा गाभाही तयार होतो! अभ्यासक मात्र बहुधा नावापाशीच थांबतात.

तराजूतही हीच रीत होती. 8 गुंजांचा 1 मासा आणि 12 माशांचा 1 तोळा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम. यांतील 'मासा' पाण्यातला नव्हे. तो 'माष' म्हणजे उडीद या शब्दापासून आला. पाण्यातला मासा 'मत्स्य', 'मच्छ' या क्रमाने आला. दोन भिन्न शब्द उच्चारात एक झाले. पायाच्या बोटांतील मासोळ्या या दुसऱ्या कुळातील होत. कोल्हापुरी साजातील मासा व कासव यांनाही पंचगंगेशी जोडण्याचे कारण नाही. परंपरा त्यांचा संबंध दशावतारांशी लावते. 1956 च्या कायद्यानंतर दशमान वजने रूढ होऊन गुंज मागे पडली. 'तोळा' शब्द उरला, पण बाजारात त्याचा अर्थ आता बहुधा 10 ग्रॅम असा होतो.

हा विवेक नवापूर परिसरात अधिकच आवश्यक ठरतो. तापीच्या खोऱ्यातील, रंगावली नदीकाठचे हे गाव दोन राज्यांच्या सीमेवर आहे. त्याचे रेल्वेस्थानकच अंशतः महाराष्ट्रात व अंशतः गुजरातेत मोडते. मावची, गुजराती, अहिराणी व मराठी येथे शेजारी नांदतात. अशा ठिकाणी दागिन्याच्या नावाचा अर्थ लावण्यापूर्वी ते नाव कोणत्या भाषेतून आले हे विचारले पाहिजे. गळ्यातील कड्यासारख्या हांसळीचेच उदाहरण घ्यावे. तिचा बाक पाहून हंसाची मान, आणि मग तळे व नदी, आठवणे स्वाभाविक आहे. परंतु हिंदीत 'हँसली' म्हणजे गळ्याखालचे हाड, आणि तो शब्द संस्कृत 'अंस', म्हणजे खांदा, याच्याशी जोडला जातो. दागिना ज्या हाडावर टेकतो त्याचेच नाव त्यास मिळाले. हंस तेथे नंतर, ऐकणाऱ्याच्या कल्पनेतून, येऊन बसला.