स्ट्रिंग चलात मजकूर नसतो

फ्रीबेसिकमध्ये आज्ञावली लिहिणाऱ्यांत एक समज चिवटपणे टिकून आहे, तो असा की स्ट्रिंग चलातच मजकूर साठवलेला असतो आणि म्हणून एका चलाच्या पत्त्यावरचे बाइट सी भाषेतल्या ‘मेमकॉपी’ने दुसऱ्या चलाच्या पत्त्यावर उतरवले की मजकुराची प्रत तयार होते. हा समज मुळातच चुकीचा आहे. भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेनुसार बदलत्या लांबीच्या स्ट्रिंगच्या चलात फक्त डिस्क्रिप्टर, म्हणजे मजकुराचा पत्ता, त्याची लांबी आणि त्याच्यासाठी राखलेली जागा यांची नोंद असते. त्यामुळे मजकूर एका अक्षराचा असो वा अख्ख्या ग्रंथाचा, ६४-बिट प्रणालीवर चलाचा आकार सांगणाऱ्या ‘साइझऑफ’चे उत्तर २४ बाइट असेच येते.

हे २४ बाइट जसेच्या तसे उतरवले की मजकूर एकच राहतो आणि त्यावर मालकी सांगणारी चले दोन होतात. एकातले पहिले अक्षर बदलले की दुसऱ्यातलेही बदलते. एकाचा मजकूर वाढून त्याला नवी जागा घ्यावी लागली, तर दुसऱ्याकडे सोडून दिलेल्या जागेचा पत्ता उरतो. शेवटी चले नष्ट होताना एकच जागा दोनदा मोकळी करण्याचा प्रयत्न होतो, आणि ज्या चलावर ही नोंद उतरवली त्याचा आधीचा मजकूर बेवारस पडून राहतो. ‘पण आज्ञावली तर चालली!’ हे यावरचे ठरलेले उत्तर घातक आहे, कारण असा बिघाड बहुधा चुकीच्या ओळीवर न दिसता पुढे भलत्याच ठिकाणी उघडा पडतो.

मजकुराची प्रत करायला साधे बरोबर-चिन्ह पुरते; ते पुरेशी जागा घेऊन मजकूर उतरवते आणि नोंदही दुरुस्त करते. मेमकॉपीच वापरायची असेल, तर लक्ष्य चलात ‘स्पेस’ने तेवढ्याच लांबीची जागा आधी करावी आणि दोन्ही पत्ते ‘स्ट्रपीटीआर’ने घ्यावेत, कारण @ चिन्हाने मिळतो तो डिस्क्रिप्टरचा पत्ता.

जुन्या बेसिकमध्ये मजकूर थेट चलातच असे, हेही खरे नाही. जीडब्ल्यू-बेसिकचा डिस्क्रिप्टर ३ बाइटांचा होता, आणि त्यात लांबीसाठी एकच बाइट असल्यामुळेच स्ट्रिंग २५५ अक्षरांपलीकडे जात नसे.

पत्ते आणि लांबी यांबाबत आणखीही गैरसमज आहेत. पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता साठवणाऱ्या चलात, १ मिळवला की तो एक बाइट सरकतो, असे नाही. ६४-बिट प्रणालीवर इंटिजरचा पॉइंटर ८ बाइट सरकतो. एकमेकांवर चढलेल्या जागांसाठी मेमकॉपी चालत नाही. सी भाषेच्या प्रमाणकानुसार तिचा परिणाम अनिश्चित असतो आणि तिथे ‘मेममूव्ह’च लागते. स्ट्रिंगची लांबी सांगणारी ‘लेन’ अक्षरे मोजते हा समज तर मराठी मजकुरावर लगेच कोलमडतो, कारण यूटीएफ-८ बाइटांच्या स्वरूपात साठवलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी ती १५ सांगते.