नऊ छर्ऱ्यांचं गणित

छोटा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. एक विक्रेता त्यांना सांगतो, 'मोटरीवर ही काडेपेटीएवढी डबी चिकटवा. ती कंपनं टिपते आणि मशीन कधी बंद पडणार ते एआयच्या जोरावर महिनाभर आधी सांगते.' त्यांचा जुना फिटर मात्र स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर आणि मूठ कानाला लावून दोन मिनिटांत निकाल देतो. विश्वास कोणावर ठेवायचा?

दोघंही एकच गोष्ट ऐकतात, पण त्या ऐकण्यामागचं गणित इतकं सुरेख आहे की आधी तेच सांगतो. ते समजलं तर विक्रेत्याला काय विचारायचं हेही आपोआप कळतं.

६२०५ हे बेअरिंग घेऊ. लहान मोटरींत ते सर्रास सापडतं. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, आणि आत बहुतेक वेळा नऊ छर्रे. मोटर १४४० आरपीएमची, म्हणजे शाफ्टचे सेकंदाला २४ फेरे. बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये घट्ट बसलेली असते, आतली शाफ्टबरोबर फिरते आणि छर्रे दोन्हींच्या मध्ये लोळत जातात. त्यामुळे छर्ऱ्यांना अंतरावर धरून ठेवणारा पिंजरा शाफ्टइतका वेगाने फिरू शकत नाही. शाफ्टचा एक फेरा होईपर्यंत पिंजऱ्याचा जेमतेम ०.४ फेरा होतो. आता बाहेरच्या रिंगला एका जागी खड्डा पडला आहे असं समजा. शाफ्टच्या एका फेऱ्यात त्या खड्ड्यावरून किती छर्रे जातील? व्यासांची नेमकी मापं घालून उत्तर येतं ३.५८. खड्डा आतल्या रिंगवर असेल तर ५.४२. दोन्हींची बेरीज बरोबर नऊ, म्हणजे छर्ऱ्यांची संख्या. ही बेरीज कुठल्याही बॉल बेअरिंगला लागू पडते. मला ती दर वेळी नव्याने आवडते.

या आकड्यांचं खरं महत्त्व असं की ते पूर्णांक नाहीत. शाफ्टला जोडलेली बाकी प्रत्येक गोष्ट शाफ्टच्या पटीतच थरथरते. रोटर एका बाजूला जड असेल तर कंपन २४ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २४ वेळा, दिसतं. कपलिंगचं अलाइनमेंट बिघडलं असेल तर बहुधा ४८ लाही दिसतं, आणि शाफ्टच्या दिशेने मोजलं तर जास्तच. पायाचे बोल्ट ढिले असतील तर २४, ४८, ७२, ९६ अशी रांगच उभी राहते. पंख्याला सहा पाती असतील तर १४४. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून विजेच्या बाजूचं दुखणं १०० ला येतं. आता २४ ला ३.५८ ने गुणा. उत्तर ८६. या मोटरीत ८६ ला थरथरायचं दुसऱ्या कुठल्याही भागाला काहीच कारण नाही. म्हणून किती हर्ट्झला किती कंपन आहे ते दाखवणाऱ्या आलेखात ८६, १७२, २५८ अशी टोकं दिसली, तर बेअरिंग न उघडता सांगता येतं की बाहेरची रिंग गेली. आतली रिंग गेली असेल तर १३० ला टोक येतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २४ च्या अंतरावर, म्हणजे १०६ आणि १५४ ला, छोटी टोकं येतात. कारण आतला खड्डा शाफ्टबरोबर फिरत असतो. प्रत्येक फेऱ्यात तो एकदा भाराखाली जातो आणि एकदा बाहेर येतो, त्यामुळे ठोके कमीजास्त होतात. प्रत्यक्षात छर्रे थोडे घसरतात, म्हणून एखाददुसऱ्या टक्क्याचा फरक पडतो. तो धरून चालायचा.

अडचण एवढीच की खड्डा लहान असतो तेव्हा ८६ चं टोक दिसतच नाही. रोटरच्या थरथरीपुढे एका बारीक खड्ड्याच्या ठोक्याची ताकद ती किती! इथे एक युक्ती लागते. देवळातली घंटा दूरवरून ऐकू येते तेव्हा तिचा स्वर किती उंच आहे आणि ती किती वेळाने वाजते, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. छर्रा खड्ड्यावर आदळला की बेअरिंग आणि हाउसिंग क्षणभर घंटेसारखं झणझणतं. ते झणझणणं काही हजार हर्ट्झचं असतं, आणि त्या पट्ट्यात रोटरच्या संथ थरथरीचा मागमूस नसतो. म्हणून फक्त तो उंच स्वर गाळून घ्यायचा, मग स्वर विसरून जायचा आणि घंटा सेकंदाला किती वेळा वाजली ते मोजायचं. उत्तर ८६ आलं की खड्डा सापडला. आज ही पद्धत बेअरिंग तपासणीचा कणा आहे. १९७४ मध्ये डार्लो, बॅजली आणि हॉग या तिघांनी अमेरिकी लष्करासाठी हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर ती वापरून दाखवली होती. फिटरचा कानही नकळत असंच काहीसं करतो. तो त्या झणझणीतली लय पकडतो.

आता त्या डबीकडे वळू. 'बेअरिंगचा बिघाड ९९ टक्के अचूक ओळखणारं एआय' अशा मथळ्यांचे शोधनिबंध गेल्या काही वर्षांत ढिगाने आले. त्यांतले बरेचसे एकाच नोंदसंचावर उभे आहेत. तो अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने सर्वांसाठी खुला केलेला आहे. प्रयोगशाळेतली दोन अश्वशक्तीची मोटर, तिच्या एका टोकाला हेच ६२०५ बेअरिंग, आणि त्यात ०.१८ मिलिमीटर आणि त्याहून मोठे खड्डे विजेच्या ठिणगीने मुद्दाम पाडलेले. विद्यापीठाने मोठंच उपकाराचं काम केलं. दोष वापरणाऱ्यांचा आहे. एकाच नोंदीचे तुकडे करायचे, निम्म्यांवर एआयला शिकवायचं आणि उरलेल्यांवर परीक्षा घ्यायची. पाठ केलेल्या पुस्तकातलाच प्रश्न विचारल्यावर ९९ टक्के मिळणारच. ऑस्ट्रेलियाचे स्मिथ आणि रँडल यांनी २०१५ मध्ये या नोंदी एकेक करून तपासल्या. पुष्कळ नोंदींतला दोष जुन्या घंटेच्या पद्धतीनेच स्पष्ट दिसत होता, तर काहींत तो कुठल्याच पद्धतीने सापडत नव्हता. कारखान्यातलं बेअरिंग ठिणगीने बिघडत नाही. ते अपुऱ्या ग्रीसने, धुळीने, वाकड्या बसवणुकीने, महिनोन् महिने हळूहळू बिघडतं. अशा बिघाडांच्या नोंदी खुल्या बाजारात फारशा मिळत नाहीत.

आणि काही बिघाड बोलतच नाहीत. २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत तुरॉय बेटाजवळ तेलविहिरीच्या कामगारांना आणणाऱ्या हेलिकॉप्टरचा मुख्य पंखाच हवेत सुटून गेला आणि १३ जणांचा मृत्यू झाला. त्या हेलिकॉप्टरवर कंपनं नोंदवणारी यंत्रणा होती. गिअरबॉक्समधल्या एका गिअरला भेग पडली होती. ती त्या गिअरमधल्याच बेअरिंगच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खड्ड्यातून सुरू झाली, पृष्ठभागाखालून सरकत राहिली, धातूचे कण फारसे सुटले नाहीत आणि शेवटी गिअरच तुटला. तपास अहवाल स्पष्ट सांगतो की कंपनांनी आधी काहीही इशारा दिला नव्हता. ज्या प्रकारच्या गिअरबॉक्ससाठी घंटेची ती युक्ती १९७४ मध्ये वापरली गेली, तिथेच कंपनांची नोंद अपुरी पडली. डबी विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं.

मग भरवसा कशावर ठेवायचा? इथे मला टी. सी. रॅथबोन हे नाव घ्यायचं आहे. कंपनांच्या इतिहासात फूरिये या गणितज्ञाचं नाव सगळे घेतात, रॅथबोनचं कोणी घेत नाही. १९३९ मध्ये हा गृहस्थ ना विद्यापीठात होता, ना यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. तो न्यूयॉर्कच्या फिडेलिटी अँड कॅज्युअल्टी या विमा कंपनीत टर्बाइन आणि यंत्रविभागाचा इंजिनिअर होता. कंपन मोजता येत होतं, पण किती कंपन म्हणजे जास्त, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. टर्बाइनवर नाणं उभं राहिलं तर मशीन चांगलं, नाहीतर हाताला कसं लागतं ते पाहायचं. विमा उतरवणाऱ्याला एवढ्यावर भागत नाही. मशीन फुटलं तर पैसे त्याच्या कंपनीचे जातात. १९३९ मध्ये रॅथबोनने 'पॉवर प्लांट इंजिनिअरिंग' मासिकात एक तक्ता छापला. त्यात मशीनचा वेग आणि कंपनाचं माप मांडून कुठवर मशीन सुरळीत आणि कुठून पुढे खडबडीत हे ठरवलं होतं. वेग वाढतो तशी चालवून घेण्याजोगी हालचाल कमी होत जाते, हे त्यात उघड दिसत होतं. आज कंपनाची मर्यादा मिलिमीटर प्रति सेकंद अशी ठरवणारी आंतरराष्ट्रीय मानकं त्याच वाटेने आली.

रॅथबोनच्या तक्त्यामागे खऱ्या मशीनांचा अनुभव होता, आणि आपल्या कारखान्यांत नेमकी त्याचीच वही नसते. बेअरिंग गेलं की नवं बसवतात आणि जुनं भंगारात जातं. म्हणून वाचकांना माझं उत्तर असं. डबी घ्यायची तर घ्या, पण त्याआधी प्रत्येक मोटरीच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगचे नंबर, गिअरचे दात, पंख्याची पाती आणि भारावरचा खरा आरपीएम लिहून काढा. मशीन चांगलं चालत असतानाचं कंपन नोंदवून ठेवा. विक्रेत्याला सांगा की नुसता लाल-हिरवा दिवा नको, आलेख दाखवा, आणि त्यात ८६ कुठे आहे ते दाखवा. १०० ला टोक दिसलं तर मोटरीची वीज तोडून पाहा. ते टोक त्याच क्षणी नाहीसं झालं तर दोष विजेच्या बाजूचा, वेगाबरोबर हळूहळू सरकत खाली आलं तर यंत्राचा. आणि पुढचं बेअरिंग काढाल तेव्हा ते भंगारात टाकू नका. कापून रिंगा पाहा, खड्डा आतल्या रिंगवर होता की बाहेरच्या ते तारखेसह लिहा, आणि फिटरने काय ऐकलं होतं तेही त्याच ओळीत लिहा.