व्हिन्क्रिस्टीन, मज्जातंतू आणि आनुवंशिकता

आपल्या अंगणात बारमाही फुलणारी सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. तिच्या पानांपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध मुलांच्या रक्तकर्करोगावर आजही अपरिहार्य मानले जाते. १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणाऱ्या सूक्ष्मनलिका ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या बनलेल्या असतात. व्हिन्क्रिस्टीन त्यांची बांधणीच होऊ देत नाही. विभाजन अर्ध्यावर अडते व पेशी मरते. पण मज्जापेशी तर विभागतच नाहीत. मग इजा त्यांना का व्हावी? मज्जातंतूंतही याच नलिका असतात. तेथे मात्र त्या मालवाहतुकीच्या रुळांचे काम करतात. कण्यापासून पावलापर्यंतचा तंतू प्रौढ माणसात सुमारे एक मीटर लांब असतो. रूळ उखडले की सर्वांत दूरच्या स्थानकावर आधी टंचाई भासते. म्हणूनच पायाची बोटे प्रथम बधिर होतात, पुढे पाऊल लुळे पडते.

तीच मात्रा घेऊन एक मूल धावत-खेळत असते, तर दुसऱ्याला जिना चढवत नाही. या भेदाचे सर्वांत ठळक उदाहरण शार्को, मारी आणि टूथ यांनी १८८६ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक विकारात सापडते. त्याच्या नेहमीच्या प्रकारात सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो, असे १९९१ मध्ये दिसून आले. त्या तुकड्यात मज्जातंतूच्या आवरणातील एका प्रथिनाचे जनुक आहे. अशा रुग्णास व्हिन्क्रिस्टीनच्या एक-दोन मात्रांनीही तीव्र दुर्बलता येऊ शकते. विकार सौम्य असल्यास घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. औषधच तो उघडकीस आणते! घरात कोणाचे तळवे फार कमानदार आहेत काय, कोणी चालताना अडखळते काय, एवढी चौकशी उपचारापूर्वी करण्यास काहीच खर्च येत नाही. तरीही ती पुष्कळदा राहून जाते.

इतर प्रसंगी भेद इतका सरळ नसतो. २०१५ मध्ये ३२१ मुलांच्या अभ्यासात सीईपी७२ या जनुकाचे विशिष्ट रूप दोन्ही पालकांकडून आलेली ५० मुले आढळली. त्यांपैकी २८ जणांना लक्षणीय इजा झाली होती. उरलेल्या २७१ पैकी ५८ जणांना. हे जनुक सूक्ष्मनलिकांच्या उभारणीशीच निगडित आहे, त्यामुळे हा संबंध पटण्याजोगा वाटतो. तथापि नंतरच्या सर्व अभ्यासांत तो सारखा आढळला नाही. शिवाय मात्रा घटवावी, तर कर्करोग उलटण्याचे भय असतेच.