सहा वर्षांचं पोर आणि सागाचा ओंडका

नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या टालीवर पडलेला सागाचा एखादा ओंडका जरा वाकून पाहा. त्याच्यावर आकडे असतात: क्रमांक, लांबी, घेर. शेजारी वनखात्याच्या हातोड्याचा ठसा. हा माल चोरीचा नाही, मोजून-नोंदून जंगलातून बाहेर पडलाय, एवढं सगळं त्या चार खुणांत मावलेलं असतं. आणि त्याच कापलेल्या तोंडावर, कुणीही न लिहिलेली, एकात एक बसलेली कडी. आकडे व्यापारी वाचतो. कडी कोण वाचणार?

पहिलीतलं मूल वाचू शकतं. जोडाक्षरं अजून अडत असली तरी!

आपल्याकडच्या पुष्कळ झाडांत वर्षाचं कडं नीट ओळखू येत नाही. सागात येतं. कोरड्या महिन्यांत साग पानं झाडून टाकतो, वाढ थांबवतो. पाऊस लागला की नवं लाकूड धरू लागतो, आणि त्या सुरुवातीच्या लाकडात छिद्रं मोठी असतात. मोठ्या छिद्रांचं एक कडं दिसलं, म्हणजे एक पावसाळा लागला. कडं रुंद असेल तर त्या वर्षी झाड जोमानं वाढलं. अगदी बारीक असेल तर बिचाऱ्याचं वर्ष हलाखीत गेलं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशाच कड्यांवरून जुन्या पावसाचा माग काढलाय. त्यासाठी त्यांना सूक्ष्मदर्शक आणि पुष्कळ गणित लागतं, हे खरं. पण पहिली पायरी कोणती? मधल्या ठिपक्यापासून बाहेरच्या सालीपर्यंत मोजत जाणं. ते सहा वर्षांच्या बोटाला येतं.

तरीही शाळेत आपण काय धरून चालतो? आधी गोष्टी, माहिती मागाहून. ससा-कासव पहिलीला, सशाचे दात आयुष्यभर वाढतच राहतात, हे केव्हातरी पुढच्या इयत्तेत. लहान मुलांना गोष्टच कळते, माहिती रुक्ष वाटते, असा आपला ठाम समज. 1993 साली क्रिस्तीन पापास या अमेरिकन संशोधिकेनं हा समज तपासून पाहिला. बालवाडीतल्या मुलांना तिनं गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवली, तशीच माहितीचीही. मग म्हणाली, आता तुम्ही वाचल्यासारखं करा. वाचता येत नसलेली ती मुलं पुस्तक हातात धरून बोलू लागली. आणि माहितीच्या पुस्तकावर ती गोष्टीच्या पुस्तकाइतकीच छान बोलली. नुसती माहिती आठवली असं नव्हे, माहितीच्या पुस्तकाची बोलण्याची ढबही त्यांनी उचलली होती.

ढब म्हणजे काय? इथे थोडं थांबू, कारण खरा चमत्कार इथेच आहे. ही दोन वाक्यं ऐका. ‘कुत्रा भुंकतोय.’ ‘कुत्रा भुंकतो.’ पहिल्या वाक्यात समोरचा एक कुत्रा आहे, खिडकीतून दाखवता येईल असा. दुसऱ्यात? दुसऱ्यात जगातले सगळे कुत्रे आले: मेलेले, झोपलेले, अजून जन्मायचेसुद्धा. शेवटी नुसता एक ‘य’ गळला आणि वाक्य गल्लीतून उठून थेट विज्ञानात जाऊन बसलं. एक कुत्रा बोटानं दाखवता येतो. ‘कुत्रा’ ही जात कुणी, कशी दाखवणार? ती कुठे उभीच नसते. तरी अडीच-तीन वर्षांची मुलं अशी वाक्यं समजतात आणि स्वतः बोलतातही, हे संशोधक सुझन गेलमन यांच्या अनेक वर्षांच्या कामातून पुढे आलंय. शाळेचं तोंड पाहण्याआधीच! माहितीपर लेखनाचं व्याकरण मूल घरूनच घेऊन येतं. आपण ते वर्गात वापरतच नाही.

किती वापरत नाही? संशोधक नेल ड्यूक यांनी बोस्टनच्या आसपासच्या पहिलीच्या वीस वर्गांत बसून मोजलं. 2000 साली त्यांनी छापलेला आकडा दिवसाला सरासरी 3.6 मिनिटं असा आहे. माहितीपर मजकुराच्या वाट्याला एवढाच वेळ येत होता. आपल्या वर्गात कुणी असं घड्याळ लावून बसलं, तर आकडा फार अभिमानानं सांगण्यासारखा निघेल असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे, मुलांसाठी काढलेल्या सचित्र पुस्तकांत जे आद्य मानलं जातं, ते गोष्टीचं नव्हतंच. कोमेनियस नावाच्या मोराव्हियन शिक्षकानं 1658 साली न्युरेंबर्गला ते छापून घेतलं. नाव ‘ऑर्बिस पिक्टस’, म्हणजे चित्रांतलं जग. पानावर वर चित्र, खाली मजकूर. चित्रातल्या वस्तूला आकडा आणि मजकुरातल्या त्याच शब्दालाही तोच आकडा. मुलानं शब्दावरून चित्राकडे, चित्रावरून शब्दाकडे ये-जा करायची. आज चौथीच्या पुस्तकात फुलाच्या भागांना नावं दिलेली असतात, ती युक्ती साडेतीनशे वर्षांपूर्वीची! त्या पुस्तकात कावळा आहे, मेंढरू आहे आणि लाकूड तासणारा सुतारही आहे.

आता चित्राचाच विषय निघालाय तर आणखी एक नवल. पाच वर्षांच्या मुलाला घर काढायला सांगा. ते भिंत काढेल, आणि भिंतीच्या आत बसलेली आजीही काढेल, आरपार दिसणारी. बटाट्याचं झाड काढताना जमिनीखालचे बटाटेही काढेल. आपण मोठी माणसं हसतो: ‘अरे, भिंतीतून आजी कशी दिसेल?’ फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी 1927 साली लिहून ठेवलंय की मूल दिसतं तसं काढत नाही, माहीत आहे तसं काढतं. आता सांगा, शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं हृदयाचं चित्र याहून वेगळं काय असतं? वारुळाचा उभा छेद, धरणाचा छेद, सागाच्या खोडाचा छेद. ज्या चित्रासाठी चित्रकाराला पैसे मिळतात, तेच चित्र काढलं म्हणून आपण मुलाला दुरुस्त करत बसतो.

मग शिकवायचं काय उरलं? पुष्कळ उरतं. गोष्ट म्हणजे आगगाडी आहे. पहिल्या स्टेशनावर बसलात तर शेवटचं स्टेशन कळणार. माहितीचं पुस्तक म्हणजे इतवारीचा बाजार. हळद हवी असेल तर कापडाच्या रांगेतून जायचं कारण नाही. पण बाजारात शिरायचं तर पाट्या वाचता याव्या लागतात: मथळा, उपमथळा, चित्राखालची ओळ, अनुक्रमणिका, बाण. बाणावर तर एक अख्खा तास खर्च करावा. एका चित्रात बाण म्हणजे ‘याचं नाव हे’, दुसऱ्यात ‘इकडून तिकडे गेलं’, तिसऱ्यात ‘याचं ते झालं’. अळीपासून फुलपाखराकडे गेलेला बाण पाहून एखादं मूल म्हणालं, की अळी फुलपाखराला भेटायला गेली, तर चूक मुलाची नाही. बाणाचे अर्थ त्याला कुणी सांगितलेच नाहीत.

लिहिण्याचं तर आणखी मजेदार. सुताराकडे पडलेली ओंडक्याची एक चकती वर्गात आणा. प्रत्येकानं एक वाक्य सांगायचं, बाईंनी ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं. ‘साग छान असतो.’ ‘भुसा नाकात जातो.’ ‘साग खूप मोठा असतो.’ ‘सागाचं कोवळं पान चुरगाळलं की हात लाल होतो.’ आता एकच प्रश्न: कशावरून? या एका प्रश्नासरशी फळ्यावरची वाक्यं हलायला लागतात. ‘छान’ गप्प बसतं, त्याला उत्तर नसतं. ‘खूप मोठा’ थोडं चाचरतं आणि बदलतं: ‘आमच्या दोघांच्या कवेत मावत नाही.’ आणि लाल हाताचं वाक्य? ते ऐकून अख्ख्या वर्गाला झाडाकडे धावावंसं वाटतं. ज्याची परीक्षा घ्यायला आपण उठून जातो, ते माहितीचं वाक्य. मूल अजून काना-मात्रा चुकवतंय, आणि पुरावा म्हणजे काय ते मात्र त्याला कळू लागलंय.

याउलट आपला लाडका निबंध पाहा. ‘गाय हा एक पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय असतात.’ रचना माहितीची, पण गाय न बघता लिहिलेली. थोडे मोठे झालो की ‘झाडाचे मनोगत’. झाड बोलतं, रडतं, माणसाला उपदेश करतं. फक्त त्याची पानं कधी गळतात एवढं मात्र सांगत नाही. माझं मत विचाराल तर दुसरीपर्यंत झाडांना गप्पच राहू द्यावं.

मुलांना माहिती वाचायला-लिहायला शिकवणं, हे काही आजच्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हे. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी शिक्षण परिषद भरली. तिनं नेमलेल्या झाकिर हुसेन समितीनं डिसेंबरात अहवाल दिला. त्यातली टकळी आणि सूत सगळ्यांना आठवतं. मातृभाषेचं पान मात्र विसरलं जातं. मुलाला काय यावं, याची तिथे यादी आहे: अनुक्रमणिका आणि सूची वापरता यावी, शब्दकोश पाहता यावा, रोजच्या घटना साध्या, स्वच्छ भाषेत लिहिता याव्यात, गावातल्या सभेचा वृत्तांत लिहिता यावा. सूताचं मापही असंच चोख: चार फुटांची एक तार, 640 तारांची एक गुंडी. आज किती तारा झाल्या, काल किती, कमी का झाल्या? याचं उत्तर लिहिणारं मूल माहितीपर लेखनच करत असतं, फक्त त्याला तसं नाव कुणी दिलेलं नसतं.

माहिती साठत गेली की वाचनावर काय परिणाम होतो, तेही विलक्षण आहे. 1988 साली रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या कितीतरी पुढे गेली. म्हणजे ज्याला आपण ‘वाचता येणं’ म्हणतो, त्यात अक्षराइतकाच वाटा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींचा असतो. आरा मशीनच्या आवाजात वाढलेलं लकडगंजातलं पोर लाकडावरचा उतारा वाचायला बसतं, तेव्हा अर्धी लढाई त्यानं आधीच मारलेली असते.

सागाची चकती आणलेल्या त्या वर्गाची वाक्यं आणि चित्रं शिवून एक पुस्तक करा, आणि शेवटच्या पानावर मुलांनाच सूची करायला लावा. महिनोन् महिने घोकलेली वर्णमाला तिथे पहिल्यांदा कामाला येते. मुळात ही वर्णमाला लावलीय तरी कशी! ‘क’ घशापाशी, मग टाळू, मग दात, आणि ‘प’ येईपर्यंत ओठ. तोंडाच्या आतून बाहेरपर्यंतचा नकाशाच तो. त्या क्रमानं आता शब्द बसवायचे. आरा, पान 3. ओंडका, पान 1. घेर, पान 2. भुसा, पान 4. साल, पान 1. आणि कुणीतरी हमखास उठून भांडतं, की ओंडका पुस्तकात सर्वात आधी आलाय, मग सूचीत त्याच्या आधी आरा का?