एका डिस्कची वाटणी

गोव्यात पेडणे तालुक्यातील चोपडे हे गाव शापोरा नदीच्या उत्तर तीरावर वसले आहे. शेताची वाटणी होते तेव्हा माती हलत नाही, मेर नवी पडते आणि एक-चौदाच्या उताऱ्यावरील नोंद बदलते, हे तेथील शेतकऱ्यास ठाऊक असते. संगणकाच्या डिस्कची वाटणीही अशीच मुख्यतः नोंदीची बाब आहे.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठरावीक प्रोसेसर लागतात. पुष्कळ जुन्या यंत्रांत ते नाहीत. मग चालते यंत्र भंगारात का घालावे? जुन्या हिशेबांसाठी विंडोज ठेवून त्याच डिस्कवर लिनक्स वसविता येते व इंटरनेटचे व्यवहार तेथून करता येतात. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली लिनक्सवरच उभारलेली आहे.

डिस्कच्या आरंभी विभागांचा तक्ता असतो. १९८३ पासून रूढ झालेल्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता अवघ्या ६४ बाइटांचा असून त्यात चारच मुख्य विभाग मावतात. नव्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राहते. प्रत्येक प्रणाली आपापल्या विभागात नांदते. यंत्र सुरू होताच ‘ग्रब’ नावाचा छोटा प्रोग्रॅम कोणती प्रणाली हवी, असे विचारतो. एका वेळी एकच चालते.

क्रम मात्र पाळावा. आधी विंडोज, मागाहून लिनक्स. उलट केल्यास विंडोज स्वतःलाच प्रथम पुढे करते आणि लिनक्सची वाट दिसेनाशी होते. विंडोजचा विभाग तिच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’ने आखडावा, फास्ट स्टार्टअप बंद करावे, बिटलॉकर असल्यास त्याची किल्ली आधी लिहून ठेवावी. कागदपत्रांसाठी तिसरा सामाईक विभाग राखला तर दोन्हींकडून ती उघडता येतात.

नोंद चुकली, तर माहिती जागेवर असूनही तिच्याकडे जाण्याची वाट हरवते. चुकीचा विभाग फॉरमॅट झाला आणि त्यावर नवे लिहिले गेले, तर माहितीच जाते. म्हणून मुलांच्या गुणपत्रिका, घरची छायाचित्रे, जमिनीचे कागद यांची प्रत वाटणीपूर्वी वेगळ्या डिस्कवर घ्यावी. त्याच डिस्कवरील दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रत ही खरी प्रत नव्हे. बांध फुटून नदीचे पाणी आत शिरले, की मेरेच्या अलीकडचे व पलीकडचे शेत सारखेच बुडते. डिस्क बिघडली, की तिच्यावरचे सारे विभाग तसेच एकदम जातात.