हिवाळ्यात पाखरांसाठी परसातील खाद्य

करमाळा तालुक्यातील जेऊरच्या परिसरात मार्गशीर्ष व पौष हे महिने शेतकऱ्याच्या कसोटीचे असतात. एका रानात ज्वारी हुरड्यावर येते आणि भोरड्यांचे थवे तिच्यावर उतरतात. शेजारच्या रानात हरभऱ्याच्या घाट्यांना अळी लागते आणि ती टिपण्यास पाखरेच हवी असतात. पाखरू तेवढे पिकाचे वैरी, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे.

साळुंकी व कोतवाल अळ्या व किडे टिपतात. चिमणी दाणे खाते. परंतु पिलांना ती मुख्यतः किडेच भरविते. चीन देशात १९५८ साली चिमण्या मारण्याची देशव्यापी मोहीम निघाली. पुढे किडींचा उपद्रव वाढला व १९६० साली त्या मोहिमेतून चिमणीला वगळावे लागले.

यास्तव उपयोगी पाखरांना घराजवळ आसरा द्यावा. बर्फाळ देशांत चरबीत दाणे घालून त्यांचे गोळे टांगतात. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारी ऊन तापते व चरबी वितळते. तेव्हा ती वापरू नये. दोन वाट्या ज्वारीची भरड, एक वाटी बाजरी व अर्धी वाटी शेंगदाण्याचा कूट पाण्याच्या हबक्याने घट्ट मळून नारळाच्या करवंटीत दाबून भरावा. करवंटी लिंबाच्या फांदीस, मांजर पोहोचणार नाही अशी, टांगावी. मीठ, तिखट घालू नये. बुरशी आलेले शेंगदाणे विषारी असतात, ते टाळावेत. एका दिवसात संपेल एवढेच खाद्य ठेवावे व करवंटी रोज धुवावी. जवळच उथळ परळात दोन बोटे पाणी ठेवून ते रोज बदलावे.

पेरणीचे औषध चोळलेले उरलेले बी पाखरांना कदापि घालू नये. त्याने पाखरे मरतात.

हे खाद्य ज्वारीच्या रानाजवळ ठेवू नये. परसात दाणे मिळाले म्हणून ज्वारी वाचेल, असेही समजू नये. दाणे भरू लागल्यापासून माळ्यावरची राखण व गोफण चालू ठेवावीच. हरभऱ्यात मात्र पाखरांना बोलवावे. त्यासाठी दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधून, पिकापेक्षा हातभर उंच असे पक्षिथांबे एकरी वीस या प्रमाणात रोवावेत. पाखरे त्यांवर बसून अळ्या वेचतात. तरीही दर मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्यास केवळ पाखरांवर विसंबून न राहता कृषी कार्यकर्त्यांचा सल्ला घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या आवारात एक करवंटी टांगून व एका हरभऱ्याच्या रानात थांबे रोवून प्रात्यक्षिक दाखवावे. आठवड्यातून एकदा अळ्या मोजून मुलांकडून नोंद ठेवावी. पाखरू कोठे राखावे व कोठे हाकावे, हे शेतकऱ्यास त्या नोंदीवरून स्वतःच पाहता येईल.