लुइसमधील पारंपरिक पब आणि रिअल एल

लुइस हे आग्नेय इंग्लंडमधील ईस्ट ससेक्स परगण्याचे मुख्यालय असलेले, सुमारे १७ हजार लोकवस्तीचे ऐतिहासिक नगर आहे. ते ऊझ नदीकाठी, साउथ डाउन्स या चुनखडीच्या टेकड्यांच्या कुशीत वसले आहे. नॉर्मन काळातील किल्ला, १२६४ मधील लढाई आणि दर ५ नोव्हेंबरच्या मशाल मिरवणुका ही या नगराची सर्वपरिचित ओळख. तेथील जुने पब आणि त्यांत मिळणारी ‘रिअल एल’ ही पारंपरिक बिअर यांनाही नगराच्या जीवनात मानाचे स्थान आहे. २००६-०७ मध्ये यावरून उद्भवलेल्या एका वादाची दखल ब्रिटनभर घेतली गेली.

रिअल एल म्हणजे काय

‘रिअल एल’ ही संज्ञा १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहक चळवळीने रूढ केली. त्या काळात मोठ्या कंपन्या गाळलेली, यीस्ट नष्ट केलेली आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली बंद पिंपात भरलेली बिअर सर्वत्र पुरवू लागल्या होत्या. ती टिकाऊ आणि हाताळण्यास सोपी असली, तरी जुन्या चवीच्या चाहत्यांना ती निर्जीव वाटे.

रिअल एल भट्टीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यात जिवंत यीस्ट असते. पबच्या तळघरातील पिंपात तिचे दुसऱ्यांदा किण्वन होते आणि त्यातूनच तिला सौम्य फेस येतो. पिंपाच्या वरच्या भोकात आधी सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू निघू देतात. मग घट्ट लाकडाची खुंटी बसवून उरलेला वायू राखतात. यीस्टचा गाळ तळाशी बसवण्यासाठी माशांच्या वाताशयापासून केलेले द्रावण वापरण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे अशी एल काटेकोर अर्थाने शाकाहारी नसते. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस राखले जाते. इंग्रज लोक कोमट बिअर पितात, हा समज या तापमानामुळेच पसरला असावा. नेहमीच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे सुमारे ४१ लिटर एल मावते. ती हातपंपाने वर ओढून देतात. पिंपात हवा शिरू लागली की साधारण तीन दिवसांत ते संपवावे लागते. म्हणूनच एलची प्रत भट्टीइतकीच पबचालकाच्या हातावरही अवलंबून असते.

हार्वेज भट्टी

हार्वेज ही भट्टी १७९० मध्ये स्थापन झाली. ऊझच्या काठावरील तिची मनोऱ्याची गॉथिक धाटणीची इमारत विल्यम ब्रॅडफर्ड या वास्तुविशारदाने १८८० च्या दशकाच्या आरंभी उभारली. स्थानिक लोक तिला थट्टेने ‘लुइसचे कॅथीड्रल’ म्हणतात. टेकड्यांतून झिरपलेले पाणी आणि आसपासच्या परगण्यांतील हॉप्स येथे वापरतात. यीस्ट मात्र मूळचे यॉर्कशरचे आहे: १९५७ मध्ये टॅडकास्टर येथील जॉन स्मिथ्स भट्टीतून ते आणले गेले आणि तेव्हापासून एका घाण्यातून दुसऱ्यात असे जोपासले जात आहे. ऑक्टोबर २००० च्या पुरात भट्टी पाण्याखाली गेली होती. त्या पुराची आठवण म्हणून एका बिअरला ‘ऊझ बूझ’ असे नाव मिळाले.

‘ससेक्स बेस्ट बिटर’ ही ४ टक्के अल्कोहोल असलेली एल हे भट्टीचे प्रमुख उत्पादन आहे. २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे ती कॅम्राच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात सर्वोत्तम ठरली.

पब

अमेरिकी स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता विचारवंत टॉमस पेन १७६८ ते १७७४ या काळात लुइसमध्ये अबकारी अधिकारी होता. तो राहत असे ते ‘बुल हाउस’ पूर्वी एक खानावळवजा सराई होते, आणि त्याचे वादविवाद मंडळ ‘व्हाइट हार्ट’ या सराईत जमे. हार्वेज त्याच्या नावाची एलही तयार करते.

किल्ल्याजवळचा ‘लुइस आर्म्स’ हा लहान खोल्यांचा पब गप्पांसाठी आणि वाटाणे फेकण्याच्या मिस्कील स्पर्धेसाठी ओळखला जातो.

लुइस आर्म्सचा बहिष्कार

इंग्लंडमधील अनेक पब भट्ट्यांच्या मालकीचे असतात आणि तेथे काय विकायचे हे मालक ठरवतो. लुइस आर्म्स हा पूर्वी लुइसच्याच बिअर्ड्स कंपनीचा होता. १९९८ मध्ये तो सफोकमधील ग्रीन किंग या मोठ्या कंपनीकडे गेला. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने तेथील हार्वेजची विक्री थांबवून स्वतःच्या एल ठेवल्या. भट्टी पबपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, त्यामुळे हा निर्णय लोकांना अधिकच बोचला. कायद्याने कंपनीला तसा पूर्ण अधिकार होता. ग्राहकांच्या हाती फक्त न येणे उरले होते. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पबवर बहिष्कार घातला. हिवाळ्याच्या थंडीत दारासमोर उभे राहून ते येणाऱ्यांना पत्रके देत आणि दुसरीकडे जाण्याची विनंती करीत. पबचा धंदा झपाट्याने घसरला. १३३ दिवसांनंतर, एप्रिल २००७ मध्ये, कंपनीने निर्णय मागे घेतला आणि लुइस आर्म्सच्या हातपंपांवर हार्वेज परत आली.